अण्णांनी मोहन्याला गप्प केलं, त्याची गोष्ट

हिटलरच्या राजवटीतल्या ज्यूंच्या कत्तलीवरची कालची डॉक्युमेंटरी सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे पारावर टेकल्या टेकल्या मोहन्याने सुरुवात केली. "एक माथेफिरू, एक बैठक, झालं! बर्लिनच्या वान्सेत बसले आणि ज्यूंना मारायचं ठरवून टाकलं."

मोहन्याचा आवाज मोठा आणि वाचन व्हॉट्सॲपवरचं. अण्णा तहसीलला अव्वल कारकून होते. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"वान्से २० जानेवारी १९४२. बाबी यार त्याच्या चार महिने आधी. कीव्हजवळच्या त्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे. वान्सेला पंधरा जण जमले ते खात्यांचा मेळ घालायला. आइकमन नावाच्या नाझी अधिकाऱ्याने इतिवृत्त केलं, तीस प्रती. मी आयुष्यभर इतिवृत्तं लिहिली रे, बैठकीत काय ठरतं आणि काय आधीच सुरू झालेलं असतं, ते मला कळतं."

"मग सुरू कधी झालं?"

"ड्रेस्डेनचा क्लेम्परर घे. जन्माने ज्यू, फ्रेंच साहित्याचा प्राध्यापक. ३५ साली नोकरी गेली. ३६ मध्ये ग्रंथालयाचा वाचनकक्ष बंद, ३८ मध्ये गाडीचा परवाना गेला. ४० मध्ये स्वतःचं घर सोडून 'ज्यूंच्या घरात' राहायला जावं लागलं. ४१ मध्ये छातीवर पिवळा तारा. आणि ४२ च्या मे महिन्यात हुकूम आला, ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत. मुशेल नावाचं मांजर होतं त्यांचं. दुसऱ्या कुणाला द्यायचीही परवानगी नाही. बायकोने डॉक्टरकडे नेऊन ते स्वतःच मारवून घेतलं."

मोहन्या पाराखालच्या काळ्या कुत्रीला रोज पार्ले-जी घालतो. त्याचा हात पुड्यातच राहिला. पण हरेल तो मोहन्या कसला?

"एवढं होईपर्यंत पळाले का नाहीत मग?"

"जर्मनीत ज्यू पाच लाखांवर होते, त्यातले निम्म्याहून जास्त युद्धाआधी गेलेच की. जाताना मालमत्तेवर कर भरून. बाकीच्यांना घेणार कोण? ३८ च्या जुलैत याच प्रश्नावर फ्रान्समधल्या एव्हियाँला बत्तीस देश जमले. हळहळले सगळे, दारं मात्र जवळजवळ कुणीच उघडली नाहीत. नोव्हेंबरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जळली, दुकानं फुटली, आणि वर ज्यूंनाच शंभर कोटी मार्कांचा दंड! दर वेळी थोडं पुढं जायचं आणि बघायचं, कोण ओरडतंय का. कुणी ओरडलं नाही की पुढचा कागद."

अण्णांचा आवाज चढला होता. मला त्यांचं पटत होतं, नेहमीच पटतं.

सुध्या मध्येच म्हणाला, "कागदावरून आठवलं. मोहन्या, ९८ च्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब?"

"अरे, पावसात वही भिजली, किती वेळा सांगू!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"त्यांच्या वह्या भिजल्या नाहीत. ज्यूंना छावणीला नेण्याचं भाडं जर्मन रेल्वे माणशी लावायची, तिसऱ्या वर्गाच्या दराने. चार वर्षांखालचं मूल फुकट, दहापर्यंत अर्धं तिकीट. आणि परतीचं भाडं फक्त पहारेकऱ्यांचं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. स्टँडवरून सहाची गाडी सुटली.

मोहन्या उठला आणि न सांगता सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन आला. सुध्याने घड्याळ पाहिलं. "अण्णा, इतिवृत्तात घ्या. तारखेसकट." आता अण्णाही हसले.