खुलासा: सर्व्हलेट मॅपिंगचा क्रम

सर्व्हलेट म्हणजे वेबवरून आलेल्या रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा प्रोग्रॅम. कोणत्या पाथची रिक्वेस्ट कोणत्या सर्व्हलेटकडे जावी, हे ठरवणे म्हणजे मॅपिंग; ते वेब डॉट एक्सएमएल या सेटिंग फाइलमध्ये लिहितात. 'वेब डॉट एक्सएमएलमध्ये जो सर्व्हलेट वर लिहिला, त्यालाच रिमोट रिक्वेस्ट आधी मिळते' असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. जावा सर्व्हलेट स्पेसिफिकेशनमध्ये नियम स्पष्ट आहे: आधी तंतोतंत जुळणारा पाथ, मग सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पाथचा सुरुवातीचा भाग), नंतर एक्स्टेंशन ('.डू'सारखा शेवट), शेवटी डिफॉल्ट (काहीच न जुळल्यास वापरायचा सर्व्हलेट). म्हणून '/सेवा/*' वर लिहिला असला, तरी '/सेवा/अहवाल/यादी' ही रिक्वेस्ट खालच्या '/सेवा/अहवाल/*' कडेच जाते. गोंधळ बहुधा फिल्टरमुळे, म्हणजे सर्व्हलेटच्या आधी रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमुळे, होत असावा. यूआरएल पॅटर्नने (पाथच्या नमुन्याने) जोडलेले फिल्टर खरोखरच लिहिलेल्या क्रमाने चालतात. ओळी वरखाली करण्यात वेळ घालवण्यापेक्षा '/*' हा कोणत्याही पाथशी जुळणारा प्रीफिक्स कुठल्या सर्व्हलेटला लावला आहे ते पाहा. तो '*.डू' या एक्स्टेंशनच्याही आधी जुळतो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.