बटण दाबून बरणी होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लोणच्याच्या काचेच्या बरणीचं फोटोइतकं हुबेहूब वेक्टर चित्र (ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेलं) कसं काढलं, यावरच्या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. आपण लिहिलंय: "हे चित्र नव्हे, फोटो गिरवणं आहे. इमेज ट्रेसचं बटण दाबलं की संगणक हेच करून देतो. लेखक उगाच कौतुक करून घेतोय." पुढे थ्रीडी, स्टॉक साइटवर (तयार चित्रं विकणाऱ्या संकेतस्थळांवर) मिळणारे तुटपुंजे पैसे आणि फोटोचे हक्क, असेही मुद्दे काढले आहेत. टोपणनावाने लिहिलंत, हरकत नाही. पण काम नीट न बघता शेरा मारून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

लेखातली चित्रं मोबाइलवर फार लहान दिसतात, ही आपली तक्रार मान्य आहे. मोठी करून टाकतो.

आता "कौतुक करून घेतोय" याविषयी. मी स्वतःची पाठ थोपटलेली एक ओळ त्या लेखात दाखवा. मेशच्या (रंग भरायच्या जाळीच्या) रेषा कुठून न्यायच्या, कुठे थांबायचं, कुठला लेयर (थर) वर ठेवायचा, एवढंच मी लिहिलं. नवीन मुलांना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं. त्यातलं काही चुकीचं वाटलं असतं तर तसं सांगायचं होतं, मी ऐकून घेतलं असतं. आपण थेट हेतूवर बोट ठेवलंत. ते मला लागलं, आणि ते लपवण्याचं कारण नाही.

राहिलं ते बटण. इलस्ट्रेटर या वेक्टर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचे आपोआप आकार करून देणारं लाइव्ह ट्रेस २००५ साली सीएस२ या आवृत्तीबरोबर आलं आणि २०१२ साली सीएस६ मध्ये त्याच्या जागी इमेज ट्रेस आलं. दोन्ही मी वापरली आहेत. स्कॅन केलेली सही, जुना एकरंगी लोगो, शाईचं रेखाटन यांसाठी ते फार कामाचं आहे. पण बरणीच्या फोटोवर ते चालवा आणि मग आउटलाइन करून (आकारांच्या नुसत्या कडा दाखवून) बघा. चिंध्यांच्या गोधडीसारखे रंगांचे तुकडेच तुकडे दिसतील. ट्रेसला काच कळत नाही, तेल कळत नाही, लेबल कळत नाही. शेजारशेजारचे रंग तेवढे कळतात. खिडकीचा उजेड काचेवरून लेबलवर उतरला असेल तर उजेडाच्या कडेने ते लेबलच कापून टाकतं. फोटो काढणाऱ्याचा हात काचेत उमटला असेल तर तोही जसाच्या तसा उतरवतं. गिरवणं म्हणायचं तर याला म्हणा.

माझ्या फाइलमध्ये तेलाची वरची कड बघा. काचेला टेकते तिथे ती किंचित वर चढते. त्यामुळे एक बारीक गडद रेघ दिसते आणि तिच्या लगेच खाली पिवळा उजेड. फोटोत ही रेघ अर्धी मसाल्यात बुडाली होती. मी ती मागच्या बाजूने पूर्ण फिरवून आणली, कारण त्याशिवाय तेल बरणीच्या आत आहे हे डोळ्याला पटत नाही. फोडींना ग्रेडियंट मेश वापरला. हे साधन इलस्ट्रेटर ८ मध्ये, १९९८ साली आलं. जाळीच्या प्रत्येक बिंदूला वेगळा रंग देता येतो, म्हणून कैरीच्या सालीकडचा हिरवट रंग मसाल्याच्या लालपर्यंत तुटल्याशिवाय जातो. काचेच्या कडेला मात्र मेश लावला नाही. तिथलं प्रतिबिंब एका बाजूला धारदार असतं आणि दुसऱ्या बाजूला विरतं. मेशमध्ये त्याचा लोळागोळा होतो. तिथे ब्लेंड (एका आकारातून दुसऱ्यात हळूहळू जाणारे मधले आकार) करून वर क्लिपिंग मास्क (ठरावीक आकाराबाहेरचं झाकणारा). सावल्या मल्टिप्लायमध्ये (खालचा रंग गडद करणारी पद्धत), आणि खिडकीचा उजेड सगळ्यात वर, स्वतंत्र लेयरवर, स्क्रीनमध्ये (खालचा रंग उजळणारी पद्धत). यातला कुठला निर्णय त्या बटणाने घेतला असता?

आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते याच निर्णयांचे. उद्या त्याच बरणीत लिंबाचं लोणचं दाखवायचं झालं तर लेबल बदलतं, फोडी बदलतात, काच आणि उजेड तसेच राहतात. पाउच रोटोग्रॅव्हरवर (कोरलेल्या सिलिंडरने छापणाऱ्या यंत्रावर) छापायचा तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. ब्रँडचा लाल वेगळ्या शाईत हवा असेल तर तो फाइलमध्ये वेगळा सापडला पाहिजे. पाउचवरची तीच बरणी टेम्पोच्या अंगावर पुरुषभर उंचीची झाली तरी तिची कड फाटत नाही. प्रेशर कुकर मधोमध उभा कापून आतली वाफ कुठून निघते ते माहितीपत्रकात दाखवायचं असतं, तेव्हा फोटोग्राफर काय करणार? साचाही तयार नसलेल्या बाटलीचं चित्र जाहिरातीला हवं असतं, तेव्हा गिरवायला फोटो कुठून आणणार?

मी कोल्हापुरात उपयोजित कला शिकलो, एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारायच्या साधनाच्या) काळात. आमचे सर रंग नको तिथे चिकटवायची मास्किंग फिल्म ब्लेडने कापायला लावायचे आणि कड चुकली की पूर्ण कागद बाजूला. फोटो समोर असायचाच, त्याची लाज कुणाला वाटत नव्हती. चित्रकार रघुवीर मुळगावकरांनी एअरब्रश हाती धरला, म्हणून त्यांची चित्रं यंत्राने काढली असं कुणी म्हणतं का? पुढे इचलकरंजीत स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात रंग वेगळे करून पॉझिटिव्ह (प्रत्येक रंगाची छपाईची फिल्म) काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कुठला रंग कुठल्या रंगाखाली किती सरकवायचा, हे तिथे हात काळे करून शिकलो.

नंतर एका मसालेवाल्यांनी (नाव लिहीत नाही) माझं काम महाग म्हणून नाकारलं आणि कुणाकडून तरी फोटो ट्रेस करून घेतला. स्वस्तात झालं. पुढे लेबलवरचं वजन बदलायची वेळ आली, तेव्हा ती फाइल माझ्याकडे आली. तिच्यात लेबल म्हणून काही उरलंच नव्हतं. आकड्यांचे तुकडे उजेडाच्या तुकड्यांत मिसळलेले. मी सगळं पहिल्यापासून काढलं. हे अनुभवाने सांगतोय, आणि तुम्ही मला बटण दाखवताय!

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. थ्रीडी ज्याला येतं त्याने खुशाल करावं, माझा लेख त्यावर नव्हता. स्टॉक साइटवर मी विकत नाही, त्यामुळे तिथले दर मला विचारू नका. फोटो माझा स्वतःचा होता आणि हे लेखात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. दुसऱ्याच्या फोटोवरून परवानगीशिवाय धंद्याचं चित्र काढू नये, हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. बरणीचा मूळ फोटो लेखात आहे, तो उतरवून घ्या. तुमचं ते बटण दाबा आणि वरचा उजेड न हलवता लेबलचा लाल हिरवा करा. फाइल पाठवलीत तर याच लेखाखाली, तुमच्या टोपणनावासकट, माझ्या फाइलच्या शेजारी लावीन.