बश्या

परवा माळेगावच्या अलीकडं, एका हॉटेलासमोर, माझ्या गाडीचे दात बघितले गेले. बघणारा गुरांचा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी होता, आणि त्यानं उभ्याउभ्या जे निदान केलं ते लातूरच्या तीन मिस्त्र्यांना आणि पुण्याच्या एका एसी वर्कशॉपला चार महिन्यांत जमलं नव्हतं. मला राग त्याचाच आहे.

झालं एवढंच. नांदेडला लग्न. शेजारी बायको, मागं सासूबाई. अहमदपूर गेलं, चहाला थांबलो. कप खाली ठेवून वळतो तर गाडी बसलेली. पंक्चर नव्हे. चारही चाकं जागच्या जागी, फुगीर, आणि त्यांच्या मधलं धूड मात्र मागून खाली टेकलेलं. सासूबाई आतच होत्या. त्या दार उघडून म्हणाल्या, "बरं झालं बाई, उतरायला सोपं झालं."

गाडी जर्मन आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वकील परवडणार नाही. होते ते पैसे बुशांत गेले. २००९ची आहे, २,८७,००० किलोमीटर पळालेली, पुण्याचं पासिंग. आमच्या क्लासला एक पालक अशा गाडीतून आले होते. उतरून त्यांनी दार लावलं तेव्हा 'ठप्प' असा जाड, श्रीमंत आवाज आला. त्या ठप्पापायी मी साडेसहा लाख दिले. तेव्हापासून बाकीचंही सगळं ठप्पच आहे.

या गाडीला पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. चार कोपऱ्यांना रबराचे चार फुगे आणि त्यांत हवा भरायला एक छोटा कंप्रेसर. नवी असताना म्हणे खड्डा कळायचा नाही. पण रबर ते रबर. आमच्याकडचा बेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसून त्याच्या घड्यांना बारीक भेगा पडतात, हवा झिरपते, कंप्रेसर बिचारा भरत राहतो, भरता भरता तापतो, आणि जळू नये म्हणून आपणहून बंद पडतो. हे सगळं मला नीट माहीत आहे. मी बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. बॉइलचा नियम आला की फळ्यावर फुगाच काढतो. फळ्यावरचा फुगा आजवर कधी फुटला नाही.

हेडी शेजारच्या बाकड्यावर होता. धोतर, गुलाबी रुमाल, खांद्यावर उपरणं. करंगळीचं नख वाढवलेलं, आणि त्या नखानं तो चहावरची साय बाजूला सारत होता. साय सारून झाली, चहा संपला, मग उठला.

"बसलं का?"

"हो."

"आदीबी बसलंय?"

"दोनतीनदा."

"दोनतीनदा म्हन्जे रोजच." बाजारात जनावराभोवती घालतात तशी त्यानं एक संथ फेरी घातली, मागं येऊन थांबला आणि हॉटेलवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "बश्या हाय."

बश्या म्हणजे कामात मध्येच बसकण मारणारा बैल. माझ्या अंगाला घाम फुटला. पुण्याच्या वर्कशॉपनं याच गोष्टीला नऊ इंग्रजी शब्द वापरले होते.

"किती दाती?"

"मामा, गाडी आहे ही."

"ते दिसायलंय मला. किती दाती?"

"सोळा वर्षं झाली."

"जुळलं म्हना की. जुळून लई दिस झाले." जनावराचे सगळे दात आले की ते जुळलं म्हणतात. मग म्हणाला, "तोंड उघडा."

मी का उघडलं, सांगता येत नाही. वर्गात शंभर पोरांना गप्प बसवणारा माणूस मी, पण त्या आवाजाला जनावरं ऐकतात, मीही ऐकलं. बॉनेट वर केलं. आत इंजिन दिसत नाही. अशा गाड्यांत ते काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असतं, मालकानं बघून उगीच काळजी करू नये म्हणून असेल. हेडीनं त्या झाकणावर बोट वाजवलं.

"मुसकं कामून बांधलंय?"

"मुसकं नाही हो, कव्हर आहे."

"कुनाच्या पिकात तोंड घालतंय का?"

हॉटेलवाला हसला. बायको हसली नाही, पण तिनं ज्या वेगानं रस्त्याकडं तोंड फिरवलं त्यावरून कळलं. तोवर हेडी टपाकडं वळला होता. टपावर मागं अँटेनाचा तो माशाच्या परासारखा उंचवटा असतो, तो त्यानं अंगठ्यानं दाबून बघितला. "वशिंड वाढलंच न्हाई ह्याचं." मग वाकून टायरला हात लावला. "खूर बरे हायत."

टायर नवे होते. चार टायरांचे ५८,००० मोजले होते. दिवसभरात कुणीतरी काहीतरी चांगलं बोललं म्हणून मला उगीच बरं वाटलं, आणि मी म्हणालो, "गेल्या महिन्यातच टाकलेत." त्यानं ते ऐकलं नाही.

"चारा किती खातंय?"

"लिटरला सात."

"सात काय?"

"किलोमीटर."

तो काही बोलला नाही. हॉटेलवाल्याकडं बघून त्यानं नुसती हनुवटी हलवली. हॉटेलवाल्यानं आपल्या फटफटीकडं बघितलं. फटफटीनं माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं.

"त्या दीडशेतलं हाय का?"

हा प्रश्न मला मराठवाड्यात कुठंही गेलं तरी विचारतात. २०१० साली औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या, ६५ कोटींच्या. साऱ्या देशात बातमी झाली होती. तेव्हापासून आमच्या भागात कुठलीही लांब, काळी, दमलेली गाडी दिसली की लोकांना ती त्यातलीच वाटते. माझी वेगळ्या कुळातली आहे. हे मी त्याला समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा उजवा हात धरला आणि त्यावर टाकलं.

गुरांच्या बाजारात सौदा असाच होतो: कापडाखाली, बोटांनी, बाजूच्याला कळू न देता. हे मी ऐकून होतो. आपल्या हातावर होईल असं वाटलं नव्हतं. त्याचा तळवा दोरखंडासारखा होता. त्यानं माझी चार बोटं एकत्र धरून दाबली आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला.

चार. छातीत धडधडलं. चार लाख! बसलेल्या गाडीला! उत्तरापुढं एकक लिहिलं नाही की मी पोरांचे गुण कापतो, पण त्या घडीला मीच एकक धरून चाललो होतो, आणि एकक माझ्या सोयीचं होतं. मी हळूच अंगठा पुढं केला, साडेचार म्हणून. हेडीनं हात झटकला.

"चाळीसच म्हनायलेत मामा," हॉटेलवाला कपबशा विसळत म्हणाला. "वर जानार न्हाईत."

"चाळीस हजार?"

"हाडं-कातडं धरून." हेडी उपरणं झाडत बोलला. "परवा लाल कंधारीची जोडी दीड लाखाला दिली मी. ती उठती. अन् ह्याचं तर शेनबी न्हाई."

"विकायची नाही," मी म्हणालो. मागून सासूबाई म्हणाल्या, "नंबर तर घेऊ द्या त्यांना." आणि त्यांनी माझा नंबर त्याला दोनदा सांगितला. एरवी त्यांना स्वतःचा पाठ नाही.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण बायको सगळ्यांना सांगतेच आहे. हेडी म्हणाला, "चालू करा." मी आत बसून बटण दाबलं. त्यानं मागं जाऊन डिकीवर उघड्या पंज्यानं एक सणसणीत थाप मारली. "उठ रं लेका!" आणि गाडी उठली. कण्हत, आधी मागून, मग पुढून, अगदी बैल उठतो तशी. एव्हाना जमलेल्या सात-आठ जणांनी "हाऽऽ" केलं.

मी खाली उतरून समजावून सांगितलं की वीस-पंचवीस मिनिटांत कंप्रेसर गार झाला, आतली उष्णतेची कळ पुन्हा जुळली, थापेचा यात काहीही संबंध नाही. कुणी ऐकलं नाही. हॉटेलवाल्यानं हेडीच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. माझे घेतले.

आता रागाचं खरं कारण. पुण्याच्या वर्कशॉपनं मला चार पानी अंदाजपत्रक दिलंय: चार फुगे, कंप्रेसर, रिले, मजुरी, एकूण ४,७२,०००. देताना तिथला इस्त्रीदार पोरगा गोड हसून म्हणाला, "सर, ही गाडी सांभाळायला पॅशन लागते." पैसे लागतात म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. लातूरचा पहिला मिस्त्री साबणाचं पाणी मारून, बुडबुडे बघून "सापडलं!" म्हणाला, त्यावर कसलातरी डिंक लावला आणि पंधराशे घेतले. दुसऱ्यानं स्कॅनर लावून कोड उडवला. डॅशबोर्डवरचा दिवा गेला म्हणजे रोग गेला, अशी त्याची श्रद्धा. तिसरा म्हणाला फुगे फेकून द्या, जीपच्या स्प्रिंगा टाकू. तिघांपैकी एकानंही 'ही बसणारच' असं तोंडावर सांगितलं नाही. सांगून पैसे कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात तर सनरूफच्या पाण्याच्या नळ्या धुळीनं तुंबल्या आणि मागच्या सीटखाली घोटाभर पाणी साचलं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात माझ्या गाडीत तळं! शेजारचे काका बादली घेऊन आले. मी समजलो मदतीला आले. त्यांना झाडांना पाणी हवं होतं.

आणि गाडी बघून जग भाव लावतं. गणपतीची पोरं इतरांकडं ५०१ ची पावती फाडतात, माझ्याकडं ५,००१ ची. भाजीवाली मेथीची जुडी दहानं वाढवते. पंधरा वर्षं झाली म्हणून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायला गेलो. पूर्वी त्याचे ६०० लागायचे, २०२२च्या एप्रिलपासून ५,००० झाले. तिथला एजंट म्हणाला, "तुम्हाला काय सर, एवढी मोठी गाडी." अरे, मोठी गाडी आहे म्हणूनच खिसा रिकामा आहे, हे एकालाही कसं कळत नाही! सरळ एखादी छोटी नवी घेतली असती तर या पैशात हप्ते फिटून वर पेट्रोल निघालं असतं. हे बायको गेली तीन वर्षं म्हणते आहे, म्हणून मला ते उघड म्हणता येत नाही.

काल संध्याकाळी हेडीचा फोन आला.

"गुरुजी, बश्या हाय का गेला?"

"आहे."

"मृग निघून चार दिस झाले, आभाळात थेंब न्हाई. वैरण कडाडली. बाजार पडलाय सगळा." जरा थांबला. "पस्तीस देतो."

माझ्या गाडीचा आणि वैरणीचा संबंध काय, हे मी त्याला दहा मिनिटं विचारत होतो. तो म्हणाला, बाजार म्हन्जे बाजार. खिडकीतून गाडी दिसत होती, डाव्या अंगानं थोडी कललेली. मी स्पष्ट सांगितलं, पाऊस पडो न पडो, पस्तीसला जमणार नाही.

चाळीसवर अडून बसलोय.