प्रक्रिया बईल करस ना

काल संध्याकाळी आमचे व्याही आले. बसा म्हटलं, तर बसले नाहीत. चपला काढून सरळ हॉलच्या भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीला नाक लावून छातीभर श्वास घेतला. मग विहीणबाईंकडे वळून जरा नाराजीनंच म्हणाले, "नाही येत गं."

गेल्या दहा दिवसांत आमच्या भिंतीचा वास घेणारे ते अकरावे. शेजारच्या काकू, केबलवाला, ऑफिसातले दोघे, गॅसची टाकी आणणारा पोरगा, सगळे घेऊन गेले. आणि गंमत अशी की वास आला नाही म्हणून कोणालाच आनंद होत नाही. सगळे हिरमुसतात. जणू तिकीट काढून आत आले आणि आत खेळच नव्हता.

झालं ते असं. मुलगी बाळंतपणाला येणार, म्हणून घराला रंग द्यायचा होता. तिनं पुण्याहून फोनवर बजावलं, "बाबा, व्हीओसी नसलेला रंग घ्या." नव्या रंगाचा जो वास आपल्याला श्रीमंतीचा वाटतो, तो म्हणजे हीच व्हीओसी, रंगातून उडून हवेत मिसळणारी रसायनं, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या वर चालत नाही असा नियमही 1 नोव्हेंबर 2017 पासून आहे म्हणे. आमचं घर त्याच्या बरंच आधीचं. म्हणजे दारंखिडक्यांवर इतकी वर्षं काय चमकत होतं, ते आता विचारायची सोय नाही.

पहिला विचार चुन्याचा आला. चुनकळी विरवायची, गाळायची, डिंक घालायचा, नीळ टाकायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन भिंतीवरच पुन्हा दगड होतो. इतका सज्जन रंग दुसरा नाही. पण रंगारी भिंतीवर टकटक करून म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर प्लॅस्टिक पेंट आहे. प्लॅस्टिकवर चुना धरत नाही. आधी सगळं खरवडावं लागेल. खरवडणी वेगळी." खरवडणीचा आकडा ऐकला आणि चुना मला न लावताच लागला.

मी त्याला अजिंठ्याचं सांगून पाहिलं. म्हटलं, चिखलात भाताचा तूस आणि गवताचे तंतू कालवून गिलावा केला, वर चुन्याचा हात दिला, मग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. निळा तेवढा बाहेरून आलेला दगड. पंधराशे वर्षं झाली तरी टिकून आहे. रंगाऱ्यानं शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाला, "तिथं पोरं भिंतीला हात नाही पुसत."

शेवटी धुळ्यातल्या आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत रंगाच्या दुकानात गेलो. दुकानात ज्या डब्याला हात लावावा त्याच्यावर हिरवं पान. एकावर पान, एकावर पान आणि थेंब, एकावर पान, थेंब आणि हसणारं बाळ. आत काय आहे ते मात्र मुंगीच्या अक्षरात. मी विचारलं, "ह्यात व्हीओसी किती?" दुकानदार म्हणाला, "काहीच वास नाही साहेब." वास नसणं आणि विष नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला मुलीनं शिकवून पाठवलं होतं. पांढऱ्या डब्यात मशीननं जी रंगाची पिचकारी मारतात, तिच्यात काय असतं तेही मी विचारलं. त्यावर तो माझ्याकडे सेल्स टॅक्सवाल्याकडे पाहावं तसा पाहू लागला. मग त्यानं खालच्या फळीवरून धूळ झटकत एक डबा काढला आणि म्हणाला, "मग हा घ्या. गाईच्या शेणाचा."

काउंटरला टेकून एक आबा उभे होते. धोतर, टोपी, खांद्यावर गमछा, सोनगीरकडचे असावेत. पोळा आठ दिवसांवर आला होता, म्हणून बैलांच्या शिंगांसाठी ऑइल पेंटच्या दोन लहान डब्या घ्यायला आले होते, एक लाल, एक हिरवी. शेण हा शब्द कानावर पडताच त्यांनी टोपी कानामागे सारली.

"काय लेस रे भाऊ?"

"रंग, आबा."

"ते दिखी ऱ्हायनं. कसाना?"

मी आवाज खाली आणून म्हटलं, "शेणाचा."

"कसाना म्हने?"

दुकानदाराला आवाज खाली आणायचं काहीच कारण नव्हतं. तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेणाचा, आबा! गाईच्या शेणाचा! खादीवाल्यांचा!"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. सगळी वळली.

"कितलाले लिटर?"

दुकानदारानं भाव सांगितला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी लाल डबी काउंटरवर ठेवली, मग हिरवी ठेवली, आणि दोन्ही हात मोकळे करून बोटं मोजायला लागले.

"मन्हा घर दोन बईल, एक गाय, एक म्हैस. रोजना चार पाट्या. कितला लिटर व्हतीन?"

"तसं लिटर नाही होत आबा," मी म्हटलं, "त्याच्यावर प्रक्रिया करावी लागते."

"प्रक्रिया बईल करस ना."

दुकान हसलं. पुट्टीच्या गोणीवर बसलेला हमालही हसला. मला तिथंच पैसे देऊन निघता आलं असतं. पण मी पदवीधर माणूस, मला समजावून सांगायची खोड. मी म्हटलं, "आबा, जयपूरला हातकागदाची सरकारी संस्था आहे, कुमारप्पांच्या नावाची. तिथं हा रंग तयार केला. 12 जानेवारी 2021 ला नितीन गडकरींच्या हस्ते बाजारात आणला. तेव्हा डिस्टेंपर 120 रुपये आणि इमल्शन 225 रुपये लिटर होतं. बुरशी धरत नाही, घरात उकडा कमी होतो, असं बनवणारे सांगतात."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मन लावून ऐकलं हे कबूल केलं पाहिजे. मग विचारलं, "वास येस का?"

"नाही येत."

"मंग शेण कसानं?"

ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आबांनी दुकानदाराला डबा उघडायला लावला. त्यानंही निमूट उघडला. मी दहा प्रश्न विचारले तेव्हा त्याच्या कपाळाला आठी आणि आबांसाठी स्क्रू ड्रायव्हर हजर. आबांनी बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर घासलं, नाकाशी नेलं, उजेडात धरलं, मग धोतराला पुसलं आणि निकाल दिला.

"हाई शेण नही. शेण मी वळखस."

आणि खरं सांगायचं तर म्हातारा चुकत नव्हता. शेण दळून, गाळून, पांढरं करून रंगात घातलं की मागं उरतो तो तंतूंचा लगदा. मुलीनं पाठवलेली माहिती मी वाचली होती. पण दुकानात सगळ्यांसमोर "तुमचं बरोबर आहे" म्हणणं मला जमलं नाही.

तेवढ्यात आबांना भलताच उमाळा आला. "मी तुले फुकट देस भो. गाडी भरीसन देस. आनि सारवाले म्हतारी बी देस." मग दुकानदाराकडे वळून, "मन्ही सून शेणले हात लावत नही. डब्बामा भरीसन दिधं तं लावी का?" दुकानदार म्हणाला, लावेल, पण डबा महाग पडेल. आबा बराच वेळ हसले. हसता हसता त्यांनी काउंटरवरच्या आपल्या दोन डब्या उचलल्या, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या डब्याकडे पाहिलं, आणि थांबले.

"बईलले ऑइल पेंट, मानुसले शेण," ते म्हणाले. "पोळा कोना शे भो?"

मी बिल न तपासता बाहेर पडलो. घरी येऊन पाहिलं तर एका ब्रशचे पैसे दोनदा लावले होते. परत गेलो नाही. त्या दुकानात आता मी बहुधा शेणवाले साहेब आहे.

तो म्हातारा डोक्यातून जात नाही ह्याचं कारण वेगळंच आहे. आमचं कापडणे गावचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. आई दर आठ दिवसांनी घर सारवायची आणि सणाला भिंतींवर पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवायची. तिच्या नखांत शेण असायचं आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती त्याच हातांनी टाळ्या वाजवायची. कॉलेजचे मित्र गावी आले की मी त्यांना ओट्यावरच बसवायचो. आत गर्मी आहे, असं सांगायचो. खरं तर धाब्याच्या घराइतकं गार वैशाखात दुसरं काही नसतं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून नाही, पण तिसऱ्या-चौथ्या पगारातून मी फरशी बसवली. आई म्हणाली, "पाय लागत नही रे हाऊ." म्हणजे पायाला बरं वाटत नाही. मी म्हटलं, सवय होईल. ती शेवटपर्यंत अंगण सारवत राहिली. आणि आता मी तेच डब्यात भरलेलं विकत आणतो, तेही आईनं सारवलेल्यापेक्षा पातळ.

असो. रंगारी आला. ऑइल पेंटच्या हातानं आयुष्यभर तंबाखू मळणाऱ्या त्या माणसानं ह्या रंगासाठी हातमोजे मागितले. मजुरीही चौरस फुटामागं वाढवली, "शेणाचं काम आहे" म्हणून. डबा चार तासांत वाळण्याचं सांगत होता. श्रावणातल्या झडीत दीड दिवस गेला. आणि सगळ्यात चीड आली ती पुढंच. रंगाआधी त्यानं भिंतींना पुट्टी मारली, त्यावर ॲक्रिलिक प्रायमर मारला, मी ऑफिसात असताना. म्हणजे आमच्या घराचा निसर्ग नखाएवढ्या जाडीचा आहे. खाली पुट्टी, तिच्याखाली जुनं प्लॅस्टिक, त्याच्याखाली सिमेंट. हे मी मुलीला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वास घ्यायला येणार नाही.

मग पोळा आला. गल्लीच्या टोकाला दूधवाल्याकडे एक बैलजोडी आहे. गोंडे, झूल, बाशिंग असा थाट करून त्यानं ती दारोदार फिरवली. बायकोनं पुरणपोळी पुढं केली. डावीकडच्या बैलाला ती अंगणात खायची नव्हती. त्यानं दारातून मान आत घातली, पोळी खाल्ली आणि मग, शिंग खाजत असावं, शांतपणे दाराशेजारच्या भिंतीवर घासलं. दोनदा. आमच्या फिकट बदामी, निर्धोक, कोणताही वास नसलेल्या भिंतीवर वीतभर लालभडक पट्टा उठला. ऑइल पेंट. रंगारी फोनवर म्हणाला, टर्पेन्टाइननं निघेल, पण घरभर वास राहील. मुलगी रविवारी येतेय.

तर काल व्याह्यांनी वास घेऊन झाल्यावर विहीणबाई दारापाशी थबकल्या. त्यांनी त्या लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं का ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, "हा मात्र छान बसलाय हो."