कल्पनेला कुंपण घालण्यापूर्वी

सरकारी मक्तेदारीचं नाव काढलं तरी तुमच्या कपाळावर आठ्या पडतात ना? मग कॉपीराइट आणि पेटंटच्या, म्हणजे कल्पनेवर मालकी असावी का या, वादात जरूर उतरा. फक्त बाजू आधी ठरवून घ्या, कारणं मागाहून सापडतात.

सोयीची बाजू मालकीची. ‘माझ्या डोक्यातून निघालं ते माझं’ म्हणायचं आणि हाताची घडी घालायची. एकालाच धंद्याची मुभा देऊन बाकीच्यांना मज्जाव करणं तुम्ही एरवी मक्तेदारी समजता, मग पेटंट वेगळं कसं, असं कुणी विचारलं तर भांडवलशाहीच्या कट्टर पुरस्कर्त्या लेखिका आयन रँड यांचा आधार घ्या. सरकार हा हक्क देत नाही, असलेल्या हक्काला फक्त संरक्षण देतं, असं त्यांचं म्हणणं. मग असला हक्क मुदत संपताच विरतो कसा? त्याचंही उत्तर बाईंनी देऊन ठेवलंय: तो कायमचा केला तर पुढच्या पिढ्या आयत्या बिळावर नागोबा होतील. वारशात मिळालेल्या कारखान्याबद्दल मात्र हे बोलायचं नाही. तो चालवावा लागतो, म्हणून तो चालतो!

लायसँडर स्पूनरपासून जरा लांब राहा. सरकारच नको म्हणणाऱ्या या गृहस्थाने १८५५ मध्ये मालकीचा तर्क थेट शेवटापर्यंत नेला आणि कल्पनेची मालकीही कायमची असावी, असं मांडलं. अशी सरळ माणसं आपल्या पक्षात असली की फार अडचण होते. कल्पनेच्या मालकीचे कट्टर पुरस्कर्ते अँड्र्यू गॅलम्बोस तर आणखी पुढचे. ‘लिबर्टी’ (स्वातंत्र्य) हा शब्द उच्चारला की ते अठराव्या शतकातले लेखक टॉमस पेन यांच्या वारसांसाठी, शब्दाचं भाडं म्हणून, डब्यात नाणं टाकत, असा किस्सा सांगितला जातो. तुम्ही डबा घेऊ नका. तुम्ही फार बोलता.

मुदत किती असावी, यावर मात्र आवाज चढवायला हरकत नाही, कारण इथे कुठलाही आकडा चालतो. १७१० च्या इंग्लंडमधल्या कायद्याने नव्या पुस्तकाला १४ वर्षं दिली आणि लेखक तेव्हाही जिवंत असेल तर आणखी १४. अमेरिकेने १९९८ मध्ये मुदत आणखी २० वर्षांनी वाढवून लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत नेली, तीही आधीच लिहून झालेल्या पुस्तकांसकट. म्हणजे दिवंगत लेखकांनी नव्या उमेदीने लेखणी उचलावी, अशी सोय झाली. मिल्टन फ्रीडमन, रोनाल्ड कोस यांच्यासह १७ अर्थतज्ज्ञांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला २००२ मध्ये कळवलं की या वाढीव वर्षांमुळे लिहिण्याचं प्रोत्साहन जवळपास वाढतच नाही. २००३ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. तेव्हा अर्थशास्त्र तुमच्या विरोधात गेलं तरी धीर सोडू नका.

विरोधी गटात जायचं असेल तर स्टीफन किन्सेला वाचा. मालकी दुर्मीळ वस्तूंची असते; तुमची कल्पना मी वापरली तरी ती तुमच्याकडे राहतेच, हा त्यांचा मुद्दा. ते स्वतः पेटंटचे वकील, त्यामुळे विरोध अगदी आतल्या गोटातला. सोबत जेम्स वॅटचं वाफेचं इंजिन ठेवा: १७६९ चं पेटंट, संसदेने १७७५ मध्ये थेट १८०० पर्यंत लांबवलेलं, म्हणजे तोवर बाकीच्यांना मज्जाव. नव्या औषधांचा विषय निघाला, म्हणजे संशोधनाला अफाट खर्च आणि नक्कल स्वस्त, तर शांतपणे पाणी प्या आणि पुन्हा वॅटकडे वळा.

दोन्ही डगरींवर पाय ठेवायचे असतील तर अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड आहेत: पेटंट नको, पण करारातून, म्हणजे नक्कल न करण्याच्या अटीवर विकण्यातून, आलेला कॉपीराइट चालेल. ज्याने करारावर सहीच केली नाही त्यालाही तो बांधतो, हे मात्र भरभर सांगून मोकळे व्हा.

आणि काहीच ठरत नसेल, तर अर्थतज्ज्ञ फ्रिट्झ माखलुप. अमेरिकी सिनेटच्या समितीसाठी १९५८ मध्ये केलेल्या अभ्यासात त्यांनी म्हटलं की पेटंटपद्धत नसती तर ती आणा म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. पण ती इतकी वर्षं आहेच, तर आज ती मोडा म्हणणंही तितकंच बेजबाबदारपणाचं. यातलं अर्धं तुम्ही पाठ करा. उरलेलं अर्धं समोरच्याने आधीच पाठ केलेलं असतं.