लेडी कर्झनच्या ड्रेसवर पाचू नाहीत

इंग्लंडमधल्या डर्बीजवळच्या केडलस्टन हॉल या वाड्याबद्दलचा तो फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन पडला, आणि इंग्लंडला निघालेल्या मावशीने लगेच लिहिलं, "मग डर्बीचं रद्दच करू." फॉरवर्ड म्हणतो: लॉर्ड कर्झनने हा वाडा भारतातल्या लुटीतून, कोलकात्याच्या राजभवनाची नक्कल करून बांधला, त्याच्या बायकोच्या मोरपिशी ड्रेसवर हजारो खरे पाचू आहेत, ते कुणाला नीट दिसू नयेत म्हणून खोलीत अंधार ठेवतात, आणि चित्रं सगळी नकली.

आधी पाचू, कारण तिथे कहर झालाय. ते सोनकिड्याचे वरचे कडक पंख आहेत. जरीच्या प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्यात एकेक शिवलेला. वाडा आज नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे आणि त्यांच्या संग्रहाच्या नोंदीत हे सरळ लिहिलेलं आहे. तेवढी एक नोंद वाचली असती तर हे पुढे ढकलायची लाज वाटली असती. भरतकाम दिल्ली-आग्र्याच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाउसची, निमित्त १९०३ चा दिल्ली दरबार. जरीच्या तारेनेच ड्रेस साडेचार किलोच्या आसपास जातो. त्यात हजारो खडे जडवले तर शिफॉनचं काय होईल? बघायला गेलात तर जरा वाकून, बाजूने बघा. हिरवा निळ्याकडे झुकतो. हा रंग पंखाच्या पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे, त्यामुळे जरीची तार काळवंडली तरी पंख चमकतातच.

अंधार रेशमासाठी. कापडावर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलचित्रांवर २०० पर्यंत उजेड चालतो. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतो. उजेडाने होणारी झीज साचत जाते: १०० लक्सचा एक तास म्हणजे ५० चे दोन तास, आणि ती भरून निघत नाही. आत शिरल्यावर तीन-चार मिनिटं थांबा, डोळे सरावतात. मोबाईलचा टॉर्च नको, फ्लॅश बंद, सॅक पाठीवरून पुढे. ड्रेस मांडलेला आहे ना, तेही निघण्याआधी विचारून घ्या; जुनं कापड अधूनमधून उतरवून ठेवावं लागतं.

राजभवनाचं तर चक्क उलटं. केडलस्टन १७६० च्या दशकातलं, वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमच्या हातचं. कोलकात्याची इमारत १७९९ ते १८०३, याच्यावरूनच बेतलेली. कर्झन जन्मला १८५९ ला!

चित्रं म्हणाल, तर जेवणघरातली गिलाव्याच्या चौकटीतच बसवलेली आहेत, खोलीच्या आराखड्याचा भाग म्हणून. मार्बल हॉलच्या कोनाड्यांतले पुतळे मात्र प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती आहेत. त्यात लपवाछपवी नाही, तेव्हाची रीतच ती.

लुटीचा मुद्दा पूर्ण झटकता येत नाही, हे नाइलाजाने मान्य. वाडा त्या पैशातून नाही, पण तळमजल्यावरच्या ईस्टर्न म्युझियममधल्या वस्तू कर्झनने प्रवासात आणि व्हाइसरॉय असताना (१८९९–१९०५) जमवल्या. काही विकत, काही नजराणे. आणि व्हाइसरॉयला नजराणा द्यायचा नाही, असं म्हणायची सोय किती संस्थानिकांना होती? ट्रस्टनेच २०२० मध्ये वसाहतवाद आणि गुलामगिरीशी धागे असलेल्या आपल्या ९३ वास्तूंचा अहवाल काढला. भांडायचंच असेल तर तो घेऊन भांडा, किड्याच्या पंखांवरून नको.