'वेट बेल्ट पाण्यात कधीच सोडू नका' म्हणणाऱ्यांना

भाचीने नुकताच स्कूबाचा पहिला कोर्स पूर्ण केला आणि आता मैत्रिणींबरोबर अंदमानला निघाली आहे. परवा तिने मला वेट बेल्टबद्दलचा, म्हणजे सूटमुळे तरंगणारं अंग पाण्याखाली न्यायला कमरेला बांधतात त्या शिशाच्या पट्ट्याबद्दलचा, एक फिरता संदेश पाठवला आणि खाली विचारलं, 'मावशी, मग मी बेल्ट क्रॉच स्ट्रॅपच्या आतून घेऊ का?' वाचून संताप झाला. तिचा नाही, हे असलं काही नवख्या मुलामुलींच्या गळी उतरवणाऱ्याचा. मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या ओळखीच्या दोघांकडूनही मला तोच संदेश आला होता.

संदेशात म्हटलं आहे ते थोडक्यात असं. नवख्यांनी दोन-तीन किलो वजन जास्तच लावावं, म्हणजे पाण्याखाली स्थिर राहता येतं. पाण्यात वजन कधीही सोडू नये, सोडलं की माणूस वर फेकला जातो आणि फुप्फुसं फाटतात. चुकून सुटू नये म्हणून बेल्ट हार्नेसच्या, म्हणजे टाकी पाठीला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या, क्रॉच स्ट्रॅपखालून घ्यावा आणि त्याच्या शेपटाला गाठ मारावी. वर राहायला जॅकेटमधली, म्हणजे अंगात घालून फुगवायच्या पिशवीतली, हवा पुरते. मोठे टेक्निकल डायव्हरही सुटणारं वजन लावत नाहीत. आणि शेवटी, शिसं महाग असतं.

गाठीपासूनच सुरुवात करते, कारण माणूस मरेल तो या सल्ल्याने.

ज्यांनी हार्नेस घातलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठीवरची टाकी डोक्याकडे सरकू नये म्हणून मागून दोन मांड्यांमधून एक पट्टा पुढे येतो आणि कमरेच्या पट्ट्यात ओवला जातो. तो क्रॉच स्ट्रॅप. वेट बेल्ट या पट्ट्याच्या आतून गेला, तर बकल उघडल्यावरही तो खाली पडत नाही. पाच किलो शिसं मांड्यांमध्ये लोंबकळत राहतं आणि कमरेखालून ओढत राहतं. ते काढायचं तर आधी हार्नेसचं कमरेचं बकल उघडायला हवं, मग क्रॉच स्ट्रॅप मोकळा करायला हवा, आणि हे सगळं लाटा तोंडावर येत असताना, मास्क निघालेला असताना, एका हाताने. गाठ मारली असेल तर तीही सोडायची, तीन मिलिमीटरचे हातमोजे घालून. संकटात सापडलेल्या माणसाच्या हाताला एकच हालचाल जमते. बेल्टचं बकल त्या एका हालचालीत उघडेल असंच बनवलेलं असतं, ते काही बनवणाऱ्याच्या हौसेपोटी नाही.

म्हणून क्रम असा: हार्नेस आधी, क्रॉच स्ट्रॅप लावून झाला, कमरेचं बकल बंद झालं, आणि बेल्ट सगळ्यात शेवटी, सगळ्यावरून. शेपूट वीतभर मोकळं. फार लांब असेल तर कापा, पण आत खोचू नका. बॅकप्लेटच्या, म्हणजे टाकीमागे पाठीवर पत्रा असलेल्या, साध्या हार्नेसला कमरेला पुष्कळदा वेट बेल्टसारखंच स्टीलचं बकल असतं. घाबरलेला हात भलतंच बकल उघडतो आणि बेल्टऐवजी टाकी सुटते. यावर उपाय म्हणून काही जण दोन्ही बकलं विरुद्ध दिशांना उघडतील अशी लावतात. ते ज्याने त्याने आपल्या बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, दाखवून ठरवावं. खोलीवर सूट दाबला गेला की बेल्ट ढिला होतो आणि बकल सरकत पाठीकडे जातं, तेव्हा तळाशी पोचल्यावर एकदा हात लावून ते जागेवर आहे ना हे पाहावं. सुटण्याची भीती असेल तर बेल्ट घट्ट करा, रबरी बेल्ट घ्या. गाठ कशाला?

आता 'फुप्फुसं फाटतात' या भीतीबद्दल. यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करावंच लागतं. पंधरा-वीस मीटरवर सगळं वजन एकदम टाकलं तर वर येण्याचा वेग हाताबाहेर जातो. जसजसं वर यावं तसतशी सूटमधली आणि जॅकेटमधली हवा फुगते, त्यामुळे वेग आणखी वाढतो. त्यात श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसातली हवा रक्तात शिरते आणि मेंदूपर्यंत पोचते. त्यासाठी फार खोलीही लागत नाही, मीटर-सव्वा मीटरवरसुद्धा हे होऊ शकतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ हौशी डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास करून २००८ साली तो प्रसिद्ध केला. मृत्यूला कारण झालेली इजा जिथे ठरवता आली, त्यांतले २९ टक्के या हवेच्या बुडबुड्याने गेले होते. घाईने वर येणं किती घातक आहे हे त्याच अभ्यासात दिसतं. तेव्हा खोलवर असताना पहिला हात बेल्टकडे जाऊ नये, हे खरंच. थांबा, श्वास घ्या, बडीकडे बघा, त्याची हवा घ्या, पाय मारून वर निघा.

पण तोच अभ्यास पुढे वाचा. सगळ्यात जास्त, ३३ टक्के, गुदमरून गेले. आणि प्रसंगाची सुरुवात कशाने झाली हे जिथे कळलं, तिथे सगळ्यात पुढे, ४१ टक्क्यांना, हवा संपणं होतं. संदेश लिहिणाऱ्याने हा आकडा पाहिला असता तर 'जॅकेटची हवा पुरते' हे वाक्य लिहिलंच नसतं. जॅकेट फुगवणारी हवा येते कुठून? ज्या टाकीतून आपण श्वास घेतो तिथूनच. टाकी रिकामी झाली की इन्फ्लेटरचं, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायच्या नळीचं, बटण दाबून काही होत नाही. मग उरतं ते तोंडाने फुगवणं, आणि ज्याला स्वतःला श्वास पुरत नाही तो जॅकेटमध्ये काय फुंकणार? त्याशिवाय नळी निसटते, व्हॉल्व्हमध्ये वाळू अडकते, पिशवी फाटते.

अशा वेळी पाण्याच्या पृष्ठभागावर वजन सोडणं हा जीव वाचवण्याचा सगळ्यात साधा मार्ग असतो. पृष्ठभागावर, हे ठळक अक्षरांत वाचा. तिथे वर फेकलं जाण्याचा प्रश्नच नाही, आपण वरच आहोत. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर धरून ठेवायला तेवढंच उचलणारं बळ लागतं. पाच किलोचा बेल्ट टाकला की जवळजवळ तेवढंच बळ त्या क्षणी मिळतं, ना हवा लागते ना बटण. 'कधीही सोडू नका' हे वाक्य पृष्ठभाग आणि खोली यांतला फरकच पुसून टाकतं. वर येऊन, किनारा किंवा होडी डोळ्यांसमोर असताना, कमरेला शिसं तसंच ठेवून बुडालेली माणसं आहेत. माझा राग आहे तो यासाठी.

आणि खोलवरसुद्धा 'कधीही' नाही. हवा संपली आहे, बडी नाही, पाय मारूनही वर सरकत नाही, अशी वेळ आली तर वजन सोडायचंच. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं तोंडातलं उपकरण, तोंडातच ठेवायचा, सतत श्वास सोडत राहायचं, हातपाय पसरून अंग आडवं करायचं म्हणजे वेग थोडा कमी होतो. वर जाऊन दुखापत होण्याचा धोका आहे, खाली राहून वाचण्याची शक्यता शून्य आहे. ज्यांच्या जॅकेटला वजनाचे दोन कप्पे आहेत त्यांना एकच कप्पा ओढून टाकायची सोय असते. वजन विभागून ठेवण्याचा खरा फायदा हाच.

'नवख्यांना जास्त वजन' हा मुद्दा आधीच्या भीतीशीच भांडतो, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. चार किलो जादा लावलं तर ते तोलायला जॅकेटमध्ये सुमारे चार लिटर जादा हवा भरावी लागते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. ती हवा सोडली नाही तर वर येईपर्यंत आठ लिटर होते. म्हणजे ज्या वेगाने वर फेकलं जाण्याची धमकी देता, ती सोय तुम्हीच कमरेला बांधून देता. शिवाय पाय खाली लोंबतात, दम लागतो, हवा लवकर संपते. पर्यटकांच्या घाईत काही ठिकाणी असं जादा शिसं सर्रास चढवतात, कारण माणूस पटकन खाली गेला की काम सोपं. वजन मोजायची साधी रीत आहे: जॅकेट पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास आत, पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे, आणि श्वास सोडला की हळू बुडायला लागलं पाहिजे. ॲल्युमिनियमची नेहमीची टाकी भरलेली असेल तर त्यावर दोनेक किलो धरा, कारण हवा वापरली जाते तशी ती हलकी होते. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त उचलतं, म्हणून तलावातला हिशेब समुद्रात जसाच्या तसा चालत नाही.

टेक्निकल डायव्हरांचं उदाहरण खरं आहे, पण ते इथे लागू नाही. ज्यांना वर येताना ठरावीक खोलीवर बराच वेळ थांबावंच लागतं, किंवा ज्यांच्या डोक्यावर गुहेचं छत असतं, त्यांच्यासाठी वजन निसटणं हे हवा संपण्याइतकंच वाईट. म्हणून ते बॅकप्लेट स्टीलची घेतात, जोड टाक्यांच्या मधे शिसं बसवतात, आणि काही जण बेल्ट मुद्दाम क्रॉच स्ट्रॅपच्या आत घेतात. पण त्यांच्याकडे दुसरा रेग्युलेटर, हवेचा वेगळा साठा, दुहेरी पिशवीचं विंग (पाठीवरची फुगवायची पिशवी) किंवा ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरता येणारा सूट) असतो, आणि जॅकेट निकामी झालं तरी पोहून वर येता येईल इतका हिशेबी तोल त्यांनी आधी तपासलेला असतो. भाड्याचं जॅकेट, एकच टाकी आणि कोर्स पूर्ण केल्याचं नवं कोरं कार्ड असलेल्या मुलीने त्यांच्या मांडणीतला फक्त एक पट्टा उचलायचा नसतो.

ट्राय डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता पर्यटक प्रशिक्षकाबरोबर मारतात त्या बुडीला, 'कशालाही हात लावू नका' असं सांगतात, तेही बरोबरच आहे. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो आणि सगळं तोच सांभाळतो. ती सूचना तेवढ्या वेळापुरती असते. कार्ड मिळालं की सांभाळणारे तुम्ही.

शिशाच्या किमतीबद्दल काय बोलायचं? बेल्ट हरवला तर भाड्याच्या दुकानात पैसे भरा.

भाचीला मी लिहिलं आहे ते असं: उतरण्याआधी बडीला तुझं बकल हाताने उघडून बघायला सांग, आणि त्याचं तू उघडून बघ. निघण्याआधी एकदा तलावात सरावही कर. डोळे मिटायचे, उजव्या हाताने बकल शोधायचं, उघडायचं, बेल्ट हातभर लांब धरायचा म्हणजे टाकीत किंवा पायातल्या फिनमध्ये (रबरी वल्ह्यांमध्ये) अडकणार नाही, आणि मग सोडायचा. तळाच्या टाइल फुटू नयेत म्हणून खाली रबरी चटई टाक.